पंधरा दिवस बंद राहिलेली होडी

धाकू,

काल दुपारी तुझी शेवंती माझ्याकडे आली. दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. "डाक्टर, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी तिला बसवलं, पाणी दिलं.

तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस मी इथे रत्नागिरीत दोन वेळा जेवत होतो, संध्याकाळी मिरकरवाड्याच्या रस्त्याने पाय मोकळे करत होतो, आणि तू नव्हतास. मला काही जाणवलंसुद्धा नाही. माणसाला वाटतं, आपलं माणूस गेलं की आपल्याला कळेल. तसं काही होत नाही रे.

कशाने गेलास, किती दिवस अंथरुणावर होतास, ते सगळं तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही. थकला होतास आणि थकून गेलास. मीही थकलोय. अक्षर वाकडं येतं. पण काल तिच्याशी बोलणं झाल्यापासून डोकं गप्प बसत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा आता गेल्यावर लिहितोय हे एका परीने ठीकच आहे.

एक गोष्ट आधी. मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं आणि तू मला अहो-जाहो. वयाने तू माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी तरी मोठा. मी लोकल बोर्डाचा देवी काढणारा, डोक्यावर टोपी, हातात पेटी. तू खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवणारा तांडेल. तेव्हा तसंच चालायचं आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. काल शेवंती तुझ्याबद्दल "ते" म्हणून बोलत होती आणि मी "तो" म्हणून. तेव्हा प्रथम कानाला टोचलं. पण आता या वयात बदलायला गेलो तर तुलाच परका वाटेन. राहू दे.

मी डॉक्टर नव्हतो. शंभर वेळा तुला सांगितलं असेल, की मी फक्त मुलांच्या दंडावर चार ओरखडे काढतो, लस लावतो आणि आठव्या दिवशी फोड उठला का ते बघायला येतो. तू म्हणायचास, "मंग त्येच तर डाक्टर. आजारी पडल्यावर काय, वैदू पन येतो."

पहिल्या खेपेला तुझ्या गावी, माजऱ्यात आलो तेव्हा अख्ख्या गावात मला एक मूल मिळालं नव्हतं. बायकांनी पोरं माळ्यावर लपवली होती, काहींना घेऊन त्या करवंदीच्या जाळ्यांत जाऊन बसल्या होत्या. संध्याकाळी हात हलवत धक्क्यावर आलो. वैशाखाचं ऊन, लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिवसभर जपलेल्या, आणि आता त्या नासणार. तू विचारलंस, "किती पोरं झाली?" मी म्हटलं, एकही नाही. तू होडी सोडली नाहीस. वल्ही आत टाकलीस, मला म्हणालास, "चला," आणि मला परत वर गावात घेऊन गेलास.

तुझं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं, डावा डोळा अर्धा झाकलेला. घराघरांत शिरून तू एकच वाक्य बोलत होतास. "माझं त्वांड बघा. आमी पाच भावंडं व्हतो. चार गेली आनि हा मी असा ऱ्हायलो. बघा नीट." बायका पदर तोंडाला लावून बघत राहायच्या. त्या दिवशी अकरा मुलांना टोचून मी खाडी उतरलो. पुढे किती वर्षं मी त्या गावात येत राहिलो, पण पहिली अकरा तुझ्या तोंडाने मिळवलेली, माझ्या पेटीने नव्हे.

होडीत तू माझी थट्टा करायचास. "तुमचा धंदा लई वायट, डाक्टर. वैद्य ताप उतरवून दाखवतो. मांत्रिक भूत काढून दाखवतो. तुमी काय दाखवनार? ह्याला देवी आल्या नायत, त्याला आल्या नायत. न आलेलं दिसतंय व्हय कुनाला?" मी हसायचो. तेव्हा तरुण होतो. दिसत नाही तर नाही, आपण आपलं काम करावं असं वाटायचं. आता साठी उलटल्यावर त्याच बोलण्याचं हसू येत नाही.

मग ते पटकीचं, कॉलऱ्याचं वर्ष आलं. शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. उन्हाळा, विहिरी तळाला गेलेल्या. पलीकडच्या तीरावर खाजणवाडीत एक कुटुंब घाटावरच्या जत्रेला जाऊन आलं आणि त्यांच्या घरात पटकी निघाली. बायका तिला जरीमरी म्हणत. चार दिवसांत वाडीतल्या चार-पाच घरांत माणसं गेली. मला हुकूम आला की देवी काढायचं काम थांबवा, विहिरींत जांभळं औषध टाकत फिरा.

माजऱ्याला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, तीही उताराच्या पायथ्याशी. वरच्या घरांतलं धुणं, भांडी, सगळं वाहून तिच्याच अंगावर यायचं. पलीकडचं एक आजारी माणूस त्या गावात आलं असतं तर गाव उठायला दोन दिवस पुरे झाले असते. मी धक्क्यावर तुला ते समजावून सांगितलं आणि म्हटलं, "धाकू, पंधरा दिवस तुझी तर बंद ठेव."

"हुकूम हाय?"

"हुकूम नाही. मला तसा अधिकारच नाही. मी आपलं सांगतोय."

 ऐन आंब्याचे दिवस, बागेत काम करणारे गडी खाजणवाडीहून यायचे. सगळं गाव अंगावर येणार हे तुलाही दिसत होतं आणि मलाही. शेवटी म्हणालास, "औषध टाकायला तुमाला न्यावं लागंल ना? तेवढं नेईन. बाकी कोन नाय."

"बरं," मी म्हटलं. एवढंच बोलणं झालं आपलं. त्यावर सही नव्हती, शिक्का नव्हता, तिसरा कुणी साक्षीला नव्हता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

दुसऱ्या दिवशी बागेचा मालक धक्क्यावर येऊन उभा राहिला. मी तिथे नव्हतो, मला मागाहून कळलं. त्याने विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून तर बंद केलीस? आणि तू म्हणालास, "मी जरीमरीला बोललोय. पंधरा दिवस व्हडी कुनासाठी सोडनार नाय. डाक्टर सरकारचा मानूस, त्याला अडवता येत नाय. बाकी कोनी आलं तर देवीचा कोप माज्या गावावर."

नवसापुढे कोण बोलणार? मालक चरफडत परत गेला. बायकांनी तुला हात जोडले. मला हे समजलं तेव्हा मी चिडलो. भर खाडीत, होडीत, आपण भांडलो. मी म्हटलं, "मी इतकी वर्षं लोकांना सांगतोय की रोग पाण्यातून येतो, हातातून येतो, देवीच्या रागाने येत नाही. आणि तू एका वाक्यात सगळं पुसून टाकलंस."

तू वल्हवत होतास. म्हणालास, "तुमचं नाव घेतलं असतं तर व्हडी आज दुपारीच चालू झाली असती."

"तरी खोटं ते खोटंच."

"आनि थंडीत तुमी पोरांना टोचायला येनार. ज्या मानसानं आंब्याच्या दिवसांत तर बंद केली त्याच्या हातात पोरं देतील? देवीचं नाव घेतलं, देवीला काय व्हतंय? तिला कोन दारातून हाकलनार हाय?"

 उत्तर सुचलं नाही म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. हा वाद आपण पुढेही कितीदा काढला आणि प्रत्येक वेळी अर्धवट सोडला. काल मला वाटलं, आता तो कुणाशी संपवायचा?

सहाव्या दिवशी सकाळी तू मला पलीकडे नेत होतास. सुकती होती, खाडी आटून अरुंद झालेली, काठावरची माणसं ओळखू येत होती. तू पलीकडे पाठ करून वल्हवत होतास, म्हणून मला ती आधी दिसली. शेवंती पलीकडच्या धक्क्यावर उभी होती. सातवा सरून आठवा लागलेला, पहिलं बाळंतपण, माहेरी निघाली होती. नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून सोबतीला तिची म्हातारी चुलतसासू. ती गाठोड्यावर बसली होती.

"आले गो बाबा!" शेवंती त्या म्हातारीला म्हणाली. ती हसत होती, धाकू. आपल्यालाच न्यायला होडी येतेय असं तिला वाटलं.

होडी लागली. मी पेटी घेऊन उतरलो. तू उतरला नाहीस. वल्हं चिखलात रोवून तू होडी हातभर मागे घेतलीस.

"बाय, रात्री कुठं व्हतीस?"

"खाजनवाडीत. ह्या मावशींच्या भावाकडं. त्यांच्याकडं सकाळी मानूस गेलं, बाबा. आमी तशाच निघालो."

"पानी पिलीस थितलं?"

"पिल्याशिवाय कशी ऱ्हाईन?"

 मग म्हणालास, "तू मागं जा, बाय. सासरी जा."

"तीन कोस चालत आले मी. आनि आता मागं?"

"मंग हितं खोपीत ऱ्हा. मी रोज येईन. पन व्हडीत नको."

"व्हडी बंद हाय?"

"बंद हाय."

"मंग हे डाक्टर कसे आले?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी पेटीचा पट्टा बांधत होतो. तो बांधलेलाच होता. मी तसाच वाकून राहिलो आणि मग वर विहिरींकडे निघून गेलो.

परत आलो तेव्हा ती खोपीत बसली होती, भरतीची वाट बघणारे उतारू बसायचे त्या झावळ्यांच्या खोपीत. रडत नव्हती. म्हातारी मात्र तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी होडीत बसलो. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं. मी तुझ्यासमोर, तिच्याकडे पाठ करून. तुझं तोंड तिच्याकडे. तिने एकदाच "बाबा" अशी हाक मारली. त्या दिवशी खाडी ओलांडायला किती वेळ लागला कोण जाणे. मी सगळा वेळ तुझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो, आणि होडीत दुसरीकडे बघायला जागा नसते.

मग रोजचं सुरू झालं. घरी उकळलेलं पाणी एका मडक्यात, पेज दुसऱ्यात. तू होडी पलीकडच्या कातळाशी न्यायचास, मडकी कातळावर ठेवायचास आणि दहा हात मागे सरायचास. मग ती यायची, उचलायची. रिकामी मडकी तू परत आणत नव्हतास. मी सांगितलं होतं की परत आणू नकोस, म्हणून. घरातली मडकी संपली तेव्हा तू शेजाऱ्यांकडून मागून आणलीस.

दोन दिवसांनी म्हातारीला जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तुझ्याच खोपीत. तेव्हा मला वाटलं, बघा, माझंच बरोबर होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. म्हातारी गेली आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही. ती होडीत बसून आली असती तर माजऱ्याच्या विहिरीवर तिचं धुणं गेलं असतं. माझा हिशेब चुकला नव्हता.

शेवंतीने एकटीने तिचं सगळं केलं. खाजणवाडीतली एक विधवा बाई तिच्या सोबतीला येऊन राहिली, तेवढाच आधार. शेवंतीला पटकी झाली नाही. तिने पाणी तू दिलेलंच प्यायलं, हात मी दिलेल्या औषधाच्या पाण्याने धुतले. पण बाराव्या दिवशी पोट दुखायला लागलं. अपुऱ्या दिवसांचं बाळ. दुपारची वेळ होती, मी तुझ्याबरोबर होडीत होतो. कातळापासून दहा हातांवर तू वल्हं रोवून बसलास आणि खोपीतून तिचं ओरडणं ऐकत राहिलास. उन्हात, तसाच, कितीतरी वेळ. शेवटी ती बाई बाहेर आली आणि ओरडून म्हणाली, "पोरगी झाली. लहान हाय." तू नुसती मान हलवलीस.

ती मुलगी दोन दिवस जगली.

माहेरी असती तर जगली असती का? घरच्या अंथरुणावर, गरम शेगडीजवळ, तुझ्या चुलतबहिणीच्या हातून अंघोळ झाली असती तर? तीन कोस चालणं, म्हातारीचं मरण, खोपीतला वारा... कुठल्या गोष्टीने ते बाळ आधी आलं, मला सांगता येत नाही. तेव्हाही मला तुला सांगता आलं नसतं. तू विचारलंस मात्र नाहीस.

सोळाव्या दिवशी तू तिला आणायला होडी नेलीस. तोवर मुंबईला कळवलं होतं, नवरा आगबोटीने उतरून आला होता. ती त्याच्याबरोबर उभी होती. तू हात पुढे केलास. ती म्हणाली, "नको. बंद हाय ना व्हडी?" आणि ती वळून सासरच्या वाटेला लागली. मी अलीकडच्या काठावर होतो, तिचं बोलणं मला मागाहून कळलं. तू परत येताना होडी वाकडीतिकडी येत होती. तुझ्या हातून होडी वाकडी जाताना मी ती एकदाच बघितली.

आणि माजऱ्यात? माजऱ्यात एकालाही पटकी झाली नाही. एका माणसालाही नाही. पावसाळा लागला, पलीकडची साथ बसली. गावाने जरीमरीची ओटी भरली, कोंबडे कापले, तुला नारळ दिला. बागेचा मालक पारावर बसून म्हणत होता, "उगाच तर बंद केलीन. आली कुठं पटकी? आंबा कुजला फुकट." तुझ्या बोलण्यातलं ते न आलेलं संकट. तेव्हा मला तुझी थट्टा आठवली आणि तुझ्याकडे बघवेना.

थंडीत मी देवी काढायला आलो. एकही घर बंद नव्हतं.

त्यानंतर शेवंती कधी तुझ्या होडीत बसली नाही. सणावाराला यायची ती खाडीला वळसा घालून, डोंगराच्या अंगाने, सकाळी निघून संध्याकाळी पोचायची. तुझ्याशी बोलायची ते कामापुरतं. जेवलात का, औषध घेतलंत का. तुला हे लागत होतं, पण तू कधी बोलला नाहीस आणि मीही विषय काढला नाही. मला वाटायचं, बापलेकीतलं आहे, आपण कशाला मध्ये पडा. मध्ये पडलेलोच होतो, ते सोयीने विसरत होतो.

तिला पुढे दोन मुलगे झाले. दोघांनाही तिने माझ्याकडेच टोचायला आणलं. पोराचा दंड धरून बसायची, माझ्याशी हसून बोलायची, "डाक्टर, हळू हां." मला नवल वाटायचं. तुझ्यावर एवढा राग आणि माझ्यावर काहीच कसा नाही? मी स्वतःची समजूत घालून टाकली की हिचं मन मोठं आहे, हिने मला माफ केलंय. तू तिला खरं सांगितलं असणार हे मी धरूनच चाललो होतो. गावासाठी नवस ठीक आहे. पोटच्या पोरीला तरी तू सांगितलं असशीलच की नाही?

काल कळलं, नव्हतं सांगितलंस.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "दोन महिने बाबांच्या उशाशी व्हते मी. म्हटलं, आता तरी बोलतील. नाय बोलले." मग, खाली बघत, "डाक्टर, एक इचारू? राग नाय ना येनार?"

"विचार."

"त्या दिवशी तुमी व्हडीतून उतरलात. तुमचं लई ऐकायचे बाबा. तुमी एक शब्द बोलला असतात, की नवस बाजूला ठेव आनि पोरीला ने, तर त्यांनी मला नेलं असतंन. देवीच्या बोलापायी त्यांनी मला पलीकडं ठेवलान. तुमी तर शिकलेले. तुमी का नाय बोललात?"

धाकू, इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिच्या बापाने नवसासाठी तिला खोपीत ठेवलं. तिच्या बाळापेक्षा त्याला देवी मोठी वाटली. आणि तू तिला ते वाटू दिलंस. उशाशी दोन महिने बसली तरी वाटू दिलंस.

मी शेवटी म्हटलं, "शेवंती, नवस नव्हता. तर बंद ठेव असं मीच त्याला सांगितलं होतं. तू रात्री कुठे होतीस, पाणी कुठलं प्यालीस, हे त्याने का विचारलं? त्याला माहीत होतं म्हणून. मी शिकवलं होतं म्हणून. देवीचं नाव त्याने पुढे केलं ते मला कुणी बोल लावू नये म्हणून."

ती पदर हातात घेऊन त्याची कड बोटांनी दुमडत राहिली. मग तिने विचारलं, "मला नेलं असतं तर गावात पटकी आली असती?"

"म्हातारी आली असती तर बहुतेक आली असती."

"आनि मी एकटी?"

"माहीत नाही मला."

"माजी पोरगी जगली असती?"

"माहीत नाही, शेवंती."

मला वाटलं, आता ती उठून जाईल, किंवा मला काहीतरी बोलेल. मी त्याचीच वाट बघत होतो. एवढ्या वर्षांनी कुणी मला बोललं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती रडली. तुझ्यासाठी रडली. "वळसा घालून जायची मी," म्हणाली. "ते धक्क्यावर उभे असायचे. मी डोंगरावरनं बघायची नि पुढं जायची."

तिचं रडणं थांबल्यावर मी म्हटलं, "बाराव्याला येतो मी. गावासमोर सांगतो, नवस नव्हता, धाकूने माझं ऐकून गाव वाचवलं." खरंच सांगतो, मला ते करायचं होतं. मरायच्या आधी एकदा मोकळं व्हायचं होतं.

ती डोळे पुसून म्हणाली, "या तुमी. पन सांगू नका."

"का?"

"तुमच्या जागी आता नवीन टोचनारा येतो. पोरगेलासाच हाय, लोकांना घाबरतो. तुमी नवस खोटा व्हता असं सांगितलात, की म्हातारी मानसं म्हनतील, ह्या टोचनाऱ्यांनी तेवाच आपल्याला फसवलं. मंग त्याला पोरं कोन देनार? माज्या धाकट्या जावेला दोन म्हयन्यांची पोर हाय." मग म्हणाली, "बाबांनी एवढी वर्षं राखलंन. तसंच असू दे."

एका दुपारीत तिला सगळं कळलं बघ. तुझीच पोर. आपल्या वादात ती तुझ्या बाजूने उतरली. मी हो म्हणालो. परवा तुझ्या बाराव्याला येईन, पंगतीत बसेन, लोक तुझ्या नवसाचं सांगतील ते मान हलवून ऐकेन.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. काल ओठांवर आली होती, गिळून टाकली. तुला सांगतो.

ती ज्या दिवशी धक्क्यावर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना, मला सुचलं होतं. अलीकडच्या तीरावर, गावापासून लांब, खाडीच्या मुखाकडे माडांखाली वेगळी खोप बांधता आली असती. विहीर तिकडून वरच्या अंगाला. तिला तिथे उतरवायचं, पंधरा दिवस गावात येऊ द्यायचं नाही, तुझ्या चुलतबहिणीला सोबतीला ठेवायचं. होडी बाकीच्यांना बंदच राहिली असती आणि तुझी लेक तुझ्या तीरावर असती. त्यात धोका नव्हता असं नाही, पण करण्यासारखं होतं. दोन माणसांचं एका दिवसाचं काम.

मी बोललो नाही. तिला आणलं तर बागेचा मालक म्हणणार, माझे गडीही आणा, त्यांनाही खोप बांधा. दुसरा म्हणणार, माझी बहीण. मग कुणाला हो म्हणायचं, कुणाला नाही? माझ्याने ते निभावलं नसतं. सरसकट बंद, हे मला सोपं होतं. म्हणून गप्प बसलो, आणि त्यानंतर रोज तुझ्यासमोर होडीत बसून खाडी ओलांडली.

म्हातारी गेली त्या दिवशी तू भर खाडीत वल्हं थांबवलंस आणि मला विचारलंस, "डाक्टर, दुसरा काय उपाय नाय ना?"

मी म्हटलं, "नाही."

तू परत वल्हवायला लागलास. तेव्हा मला वाटलं, साध्या माणसाचा साधा प्रश्न. काल संध्याकाळपासून मी त्याच प्रश्नापाशी बसून आहे. तू जन्मभर त्या काठावर काढलास, माडांखालची जागा तुला ठाऊक नव्हती असं कसं होईल? तुलाही सुचलं असणार, धाकू. माझ्याआधीच सुचलं असणार. तुझी स्वतःची लेक, म्हणून तुला ते बोलता येत नव्हतं. ते मी बोलावं म्हणून तू मला विचारलं होतंस.